एकशे तेराच्या पुढे

कुरखेड्याच्या पलीकडच्या त्या गावात इसरू हलामीला कोणी राम राम घालत नसे. तो काठी टेकत चौकात आला की चहाच्या टपरीवरून कोणीतरी विचारायचं, “काय इसरूभाऊ, तुटला का?”

इसरू गमछ्याने बाकावरची धूळ झटकायचा, ऐसपैस बसायचा आणि म्हणायचा, “नाई तुटला.”

“मंग च्या घ्या.”

नव्या पाहुण्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं हाडबीड मोडलं असेल, त्याची चौकशी चाललीय. मग कळायचं की विचारपूस एका आकड्याची आहे. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. एकापासून सातापर्यंतचे अंक ओळीने उभे केले की होतो तो. इसरूचं म्हणणं असं, की हा आकडा कशानेच तुटत नाही. दोनाने घ्या, तिनाने घ्या, सताने घ्या. कितीही सारख्या ढिगांत वाटायला बसा, शेवटी हातात काही ना काही उरतंच. गावाला त्यातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. पण आपल्या गावात एक न तुटणारा आकडा राहतो, याचं गावाला बरं वाटायचं. एखाद्याच्या दारात जुना साग उभा असावा, तसं.

इसरूने हा आकडा मिळवला तो वडशाच्या नाटक कंपनीत. वयाच्या विशीत तो तिथे लागला आणि म्हातारा होईपर्यंत एकच काम करत राहिला. पडदा ओढायचा. झाडीपट्टीतल्या नाटकाचा तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. दिवाळी झाली की कंपन्यांचे ट्रक निघायचे ते होळीपर्यंत गावोगाव फिरत राहायचे. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, मंडईची जत्रा असो, नाटकावाचून गावाची शोभा नाही. लोक बैलगाड्या जुंपून यायचे, अंगावर घोंगडी घेऊन बसायचे, खलनायकाला तोंडावर शिव्या द्यायचे आणि नायिकेच्या दुःखाने खरोखर रडायचे. त्या सगळ्या हसण्यारडण्याला सुरुवात आणि शेवट देणारा माणूस मात्र बाजूच्या अंधारात दोर धरून उभा असायचा. त्याने एवढी नाटकं पाहिली, पण सगळी एका कानाच्या बाजूने. नायिकेचा उजवा गाल कसा होता हे त्याला कधीच कळलं नाही.

कंपनीचे रंगवलेले पडदे सात होते. रस्ता, जंगल, राजवाडा, गरिबाचं घर, देऊळ, तुरुंग आणि बाग. गुंडाळल्यावर कुठला कुठला हे ओळखू यावं म्हणून प्रत्येकाच्या बांबूवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला. एका दुपारी इसरूने सातही बांबू कनातीला ओळीने टेकवून ठेवले. पेटीमास्तर देवाजी तिथेच सूर लावत बसले होते. त्यांनी भाता सोडला.

“पाह्य इसरू, कसे उभे आहेत सातही नट. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट.”

इसरू चौथीपर्यंत शिकलेला. इतका मोठा आकडा त्याने कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मास्तरांनी त्याला समजावलं. काही आकडे सारखे वाटता येतात, जसे बारा. काहींना वाटणी चालतच नाही, जसे तेरा. त्यांना मूळ संख्या म्हणतात. “आता हा आपला पडद्यांचा आकडा वाटता येते का नाई, ते तूच शोध. मले नको विचारू, मले सुरातलं कळते.”

त्याच वर्षी हंगामाच्या मध्यावर इसरूची आई गेली. निरोप पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. तो गावी जाऊन दोन दिवसांत परत आला, कारण दोर धरायला दुसरं कोणी नव्हतं. परत आल्यावर त्याने खडू उचलला आणि राजवाड्याच्या पडद्याच्या मागच्या बाजूवर भागाकार मांडायला घेतले. समोरून महाल, झुंबरं, सिंहासन, मागून हिशेब. सताने भागलं, पाच उरले. अकराने भागलं, चार उरले. तेराने नऊ. जो आकडा स्वतः तुटत नाही, त्यानेच भागून पाहायचं, एवढी युक्ती त्याला आपोआप सुचली होती. हंगाम सरता सरता तो एकशे तेरापर्यंत पोचला. बेचाळीस उरले. तिथे त्याने खडू ठेवला आणि आकडा तुटत नाही असं ठरवलं.

आई नसलेल्या त्या पोराला त्याचा केवढा आधार वाटला! कशानेच न तुटणारं, कोणाच्याच वाटणीला न जाणारं असं काहीतरी जगात होतं, आणि ते त्याचं होतं.

पुढे लग्न झालं. बुधरी घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात त्याने तिला आकडा सांगितला. ती म्हणाली, “बरं. जेवून घे.” तिने तो विषय तेव्हा मिटवला तो मिटवलाच. दिवाळीला तो ट्रकवर चढायचा, होळीला उतरायचा. तेवढ्यात धान कापून, बांधून, मळून झालेलं असायचं. मोह वेचायच्या आत तो घरी येई, एवढाच तिला आनंद. कधी कंपनीचा मुक्काम जवळच्या गावात पडला तर ती बायकांबरोबर नाटक बघायला जाई. बाकीच्या नायिकेकडे बघायच्या. बुधरी अंक संपायची वाट बघायची. पडदा हलला की शेजारणीला कोपराने ढोसून म्हणायची, “तो पाह्य, आला आमचा.”

मूलबाळ झालं नाही. इसरूच्या भावाची नात रंजीता मात्र याच अंगणात वाढली. आता ती गडचिरोलीला गणित घेऊन शिकत होती आणि दिवाळीच्या सुटीत आली होती. कंपनीतला पडदा केव्हाच बटणावर गेला होता. तेव्हापासून इसरू घरीच होता.

आणि त्या दिवाळीत अंकुशचा फोन आला. अंकुश म्हणजे कंपनीच्या जुन्या मालकांचा मुलगा, आता तोच कंपनी चालवत होता.

“इसरूभाऊ, या वर्षी मुहूर्ताच्या पूजेले जुन्या मान्साईचा सत्कार ठेवला आहे. पडद्यामागच्या मान्साईचा. तुमाले समोर यावं लागते. दोन शब्द बोलावं लागते.”

“मी का बोलू बाप्पा?”

“काहीई बोला. तुमच्या आयुष्यातलं.”

फोन ठेवल्यावर इसरू बराच वेळ अंगणात उभा राहिला. आयुष्यातलं म्हणजे काय? संवाद सगळे दुसऱ्यांचे, टाळ्या सगळ्या दुसऱ्यांच्या. त्याचं स्वतःचं असं सांगण्यासारखं जगात एकच होतं. तो आत गेला आणि रंजीताला म्हणाला, “पोरी, मले दोन मिन्टाचं भाषन लिहून दे. माह्या आकड्यावर. पन शिकल्यासवरल्या लोकाईसमोर हसू नाई झालं पायजे.”

रंजीता हौसेने बसली. मोबाइलवर बोटं फिरवली. मग तिची बोटं थांबली. तिने मोबाइल उलटा ठेवला आणि म्हणाली, “आबाजी, आकड्यावर नको. कंपनीच्या गमतीजमती सांगा ना. त्या खलनायकाची मिशी पडली होती ते.”

इसरूने उभा जन्म नटांना बाजूने पाहण्यात घालवला होता. संवाद विसरलेला माणूस कसा दिसतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो उगाच इकडे तिकडे बघतो आणि दुसऱ्याच नाटकातलं काहीतरी बोलतो.

“कितीनं तुटते?” त्याने विचारलं.

रंजीताने उलटा मोबाइल आणखी दूर सारला.

“मी पुसून राह्यलो तुले. कितीनं?”

“एकशे सत्तावीसनं,” ती हळूच म्हणाली.

इसरूने कोनाड्यातला खडू घेतला आणि अंगणात, सारवलेल्या जमिनीवर बसला. गुडघे वाजले. एकशे सत्तावीस नवे अकराशे त्रेचाळीस. वजा केले. वरून पाच उतरवला, सात वेळा गेले. सहा उतरवला, दोन वेळा गेले. शेवटचा सात उतरवला तर खाली एकशे सत्तावीसच उभे. एकदा गेले. त्याने खाली शून्य काढलं. वर बघितलं तर नऊ हजार सातशे एकवीस.



“आबाजी, तुमी एकशे तेराले काऊन थांबले होते?” रंजीताने विचारलं. तिच्या आवाजात रागवणं नव्हतं.

“त्याच्या पुढं कोनी आलाच नाई ना,” इसरू म्हणाला. “एकशे चौदा पाह्यला, तुटका. पंधरा, तुटका. सोळा, सतरा, अठरा... एकशे एकवीस म्हनलं आता हा तरी, त तो अकरा अकराचा. एकशे चौदापासून एकशे पंचवीसलोक सारेच तुटके. एकोणनव्वदच्या पुढंई असंच झालं होतं, पन तवा सत्त्याण्णव आला धावत. इथी कोनीच येईना. मले वाटलं, न तुटनारे संपले.”

मग त्याने सांगितलं. त्याच्या पहिल्याच हंगामात एक नट मागच्या तणसाच्या ढिगात झोपून गेला होता. रंगमंच रिकामा पडला, लोकांनी शिट्ट्या मारून आभाळ डोक्यावर घेतलं. तेव्हा मालकांनी त्याला बजावलं, की रंगमंच कधी रिकामा ठेवायचा नाही. कोणी येत नसेल तर दहाबारा श्वास थांबायचं आणि पडदा पाडायचा. ते त्याच्या हातात इतकं मुरलं होतं की आकड्यांतही त्याने तेच केलं. दहाबारा जागा रिकाम्या गेल्या, आणि त्याने पडदा पाडला.

“अन् तो बिचारा एकशे सत्तावीस,” इसरू म्हणाला, “तोंडाले रंग लावून बाजूले उभाच होता.”

रंजीताला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने त्याच्या हातातला खडू घेतला. “थांबायचं कुठी, त्याचा एक नियम असते आबाजी. एखादा आकडा दोघांत तुटला, त त्यातला लहान किती मोठा होऊ शकते? हे पाहा.” तिने अकराशे अकराला अकराशे अकराने गुणलं. बारा लाख चौतीस हजार तीनशे एकवीस आले. “हे तुमच्या आकड्याच्या थोडंसंच खाली आहे. अकराशे बारा गुणिले अकराशे बारा घेतलं त वर जाते. म्हंजे दोघंही अकराशे अकराहून मोठे नाई राहू शकत. एक तरी त्याच्या आतच सापडते. तितलोक पाहायचं, नाई सापडला त मंगच म्हनायचं, तुटत नाई.”

“अकराशे अकरालोक,” इसरू म्हणाला. “लई लांब होतं मंग.”

दुसऱ्या दिवशी तो चौकात गेला नाही. तिसऱ्याही दिवशी गेला नाही. टपरीवाल्याने पोराबरोबर चहा पाठवला, तो त्याने परत पाठवला. अंकुशचा फोन आला तेव्हा सांगितलं की तब्येत बरोबर नाही, आपलं काही येणं होणार नाही. “आकडा गेला,” तो रंजीताला म्हणाला. “आता मी तिथी उभा राहून का सांगू? दोर ओढला म्हनून? बैलई ओढते.”

रंजीताने स्वतःलाच दोष लावून घेतला होता. शेवटी तिने आजीकडे जाऊन सगळं सांगितलं. बुधरी पडवीत सूप घेऊन धान पाखडत होती. तिने ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या नवऱ्याला हाक मारली.

“बुढ्या, ऊठ. तुटला म्हनते तो तुहा.”

“हो.”

“किती तुकडे झाले?”

“दोन.”

“अन् ते दोन तुटतेत का?”

इसरू कुशीवर वळला. हे त्याने रंजीताला विचारलंच नव्हतं. तुटला एवढंच ऐकून तो खाटेवर पडला होता.

“बांबू फाडला त मानूस निदान पाह्यते तरी, कांब बरी निघाली का किडकी,” बुधरी म्हणाली. “तू त फाटला म्हनून रडतच बसला.”

रंजीताला उत्तर माहीत होतं, ते तिच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण म्हातारा उठून बसलेला पाहून तिने ते गिळलं. एवढंच म्हणाली, “एकशे सत्तावीसले अकरालोक पाहावं लागते आबाजी, अन् मोठ्याले अठ्ठ्याण्णवलोक. बस.”

ती दुपार आणि पुढचा दिवस इसरू अंगणात होता. लहानाचं काम लवकर झालं. मग मोठा घेतला. नऊ हजार सातशे एकवीस. सताने पाच उरले. तेराने दहा. सतराने चौदा. बुधरी त्याच्या आकड्यांना वळसा घालून येत जात राहिली, कोंबड्यांना हाकलत राहिली. एकोणनव्वदाने वीस उरले. पुढचे रिकामे ओलांडून तो सत्त्याण्णवापर्यंत गेला. एकवीस उरले. त्याने रंजीताकडे पाहिलं.

“आता थांबू?”

“आता थांबा.”

“दोघंई नाई तुटत,” इसरू बुधरीला म्हणाला. त्याचा आवाज जरा वरचा लागला होता.

बुधरी चुलीपुढे होती. तिने मान वळवली नाही. “मंग दोघं होते आत. अन् तू इतके वर्सं एकटाच आहे म्हनून सांगत फिरला.”

तिने ते आकड्याबद्दलच म्हटलं होतं. पण इसरूचा हात जिथल्या तिथे राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर एकेका हंगामाचं धान आलं. कापलेलं, बांधलेलं, मळून कोठीत भरलेलं. तो ट्रकवरून उतरायचा तेव्हा सगळं जागच्या जागी असायचं, आणि त्याला वाटायचं की घर असंच असतं. कंपनीत कोणाला त्याच्या बायकोचं नावही माहीत नव्हतं. त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तो चौकात गेला. टपरीवरून नेहमीचा प्रश्न आला. इसरू म्हणाला, “तुटला.”   टपरीवाल्याने गाळणी खाली ठेवली, वर उचलली, आणि नेहमीपेक्षा जास्त साखर घालून कप पुढे केला. इसरूने तो पिऊन टाकला आणि घरी येऊन म्हणाला, “बुधरी, वडशाले चाल.”

“मी काऊन? माहं का काम तिथी?”

“काम नाई. चाल.”

“धान पडलं आहे. कोंबड्या कोन पाहीन?”

“रंजीता पाहीन.”

“बोलाव्याले तुले बोलावलं. मी गेली त लोक म्हनतीन, बुढी जेवाले आली.”

“म्हनू दे. जेवून घेजो.”

ती बडबडतच लाल गाडीत बसली. वडसा येईपर्यंत पदराखालची पिशवी घट्ट धरून होती.

पूजा दुपारची होती. नारळ फुटला, पेटीची पूजा झाली, नव्या नाटकाचं नाव पुकारलं गेलं. मंडपात कंपनीची माणसं, त्यांची घरची, गावचे शौकीन असे बरेच लोक जमले होते. बुधरी बायकांत तिसऱ्या ओळीला बसली. अंकुशने इसरूचं नाव पुकारलं आणि पडद्यापुढे ठेवलेल्या एकुलत्या एका खुर्चीवर त्याला बसवलं. शाल घातली. माइक त्याच्या तोंडापुढे आणला.

इसरू उभा राहिला. पुढे एवढा उजेड असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

“माह्याजवळ एक आकडा होता,” तो म्हणाला. “याच कंपनीतला. सात पडद्यांचा. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. मी साऱ्याईले सांगो, हा तुटत नाई, हा एकटाच आहे. आमच्या नातीनं तो तोडला.”

लोक हसले. तोही थोडा हसला.

“तुटला त त्याच्यात दोघं निघाले. एक लहान, एक मोठा. ते मात्र कशानंच नाई तुटत, म्या सोता पाह्यलं. एकशे सत्तावीस हा लहान. तो मी. हंगामात दोर धरनारा.” त्याने घसा खाकरला. “मोठा नऊ हजार सातशे एकवीस. तो तिथी बसला आहे, तिसऱ्या ओळीत. बुधरी नाव आहे. तिले वर बोलवा.”

बुधरीने मान खाली घातली आणि पिशवी छातीशी धरली. शेजारच्या बायकांनी तिला उठवलं. “जा ना वो बाई, बोलावून राह्यले.” ती उठली. मधली वाट अरुंद, तिचे गुडघे दुखरे, आणि रंगमंचाच्या पायऱ्या उंच. एक पायरी चढून ती थांबली. वर कोणी बोलत नव्हतं. लोकांत चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी खोकलं, एक मूल रडायला लागलं. अंकुश वाकून इसरूच्या कानाशी म्हणाला, “भाऊ, तोवर पुढचा सत्कार घेऊ का? वेळ होऊन राह्यला.”

“थांब गा,” इसरू म्हणाला. “येऊन राह्यली ती.”

ती आली. त्याच्या शेजारी उभी राहिली, पदर सावरला आणि वळून समोर पाहिलं.

“इतके लोक राह्यतेत समोर?” ती त्याला हळूच म्हणाली, पण माइक तोंडाशीच होता, सगळ्या मंडपाने ऐकलं.

“मले तरी कुठी माहीत होतं,” इसरू म्हणाला.

खुर्ची एकच होती. अंकुश दुसरी आणायला गेला. ती येईपर्यंत दोघंही उभेच राहिले.